मंदाकिनीची मंगलाष्टके

"थांबा," गोदूकाकू म्हणाल्या. "ही कोण?"

मी पहिल्या श्लोकाच्या दुसऱ्याच चरणावर होतो. नाशिकच्या भांडी बाजारातल्या वडनेऱ्यांच्या दुकानात, पितळी घागरींच्या उतरंडीला पाठ लावून, सुस्वर आणि सावकाश असा माझा पाठ चालला होता. काकूंच्या प्रश्नाने मी दचकलो आणि कागदावरून मान वर केली.

"कोण म्हणजे? वधू," मी म्हणालो. "आपली मंदाकिनी."

"पुन्हा म्हणा पाहू तेवढंच."

मी म्हटले, "पद्माक्षी कलकंठिनी सुवदना सौदामिनीसन्निभा."

काकूंनी हातातला तांब्या खाली ठेवला. "कलकंठिनी म्हणजे गोड गळ्याची ना? आमच्या मंदाचा आवाज बसका आहे, शास्त्रीबुवा. लहानपणी डांग्या खोकला झाला, तेव्हापासून. साऱ्या बाजाराला ठाऊक आहे. आणि ते शेवटचं काय?"

"सौदामिनीसन्निभा. विजेसारखी तेजस्वी."

"वीज घरावर पडते. सासरच्या माणसांसमोर पोरीला हेच म्हणायचं होय?"

त्यांचे यजमान नानाशेठ पलीकडे जुन्या भांड्यांची मोड तागडीत घालत होते. तागडीवरची दृष्टी न काढता ते मिशीतल्या मिशीत हसले. त्यांच्याकडून आधाराची अपेक्षा ठेवून मी पाहिले, तर ते म्हणाले, "शब्दांचं तिला विचारा. माझ्याकडे फक्त वजन."

आमच्याकडे लग्नाच्या मुहूर्ताआधी, वधूवरांमध्ये अंतरपाट धरलेला असताना, मंगलाष्टके म्हणतात. पारंपरिक श्लोक सर्वांना पाठ असतातच. पण हौशी घराण्यांत आपल्या मुलीसाठी निराळी, तिच्या नावाची आणि कुळाची मंगलाष्टके कोणाकडून तरी रचून घेण्याची चाल आहे. तशी रचना करून देणे, मानपत्रे लिहिणे, स्मरणिकांचे लेख लिहिणे, यांवर उदरनिर्वाह करावा, असे मी त्या वर्षी मनाशी ठरवले होते. पाठशाळेतले अध्ययन नुकतेच संपले होते. वडील माझ्या बालपणीच गेलेले, मामांनी वाढवले. त्यांनी येवल्याच्या एका शाळेत माझ्यासाठी संस्कृत शिक्षकाची जागा जवळजवळ निश्चित करून ठेवली होती. लिहून पोट भरणारा मनुष्य आमच्या कुळात कोणी पाहिला नव्हता. मामांचे पत्र होते : लग्नसराई संपेपर्यंत काय ते पाहून घे, मग होकार कळव.

त्या लग्नसराईत माझ्याकडे आलेले हे पहिलेच काम, आणि तेही भांडी बाजारातले. गोदूकाकूंनी नाक मुरडले तर त्या बाजारातला दुसरा कोणी मला विचारणार नाही आणि त्यांनी मान डोलावली तर दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही, ही गोष्ट मला कळत होती. म्हणून मी राग गिळला आणि म्हणालो, "काकू, ही कवींची रीत आहे. वधू कोणतीही असो, तिला पद्माक्षीच म्हणायचे असते."

"मग माझ्या मुलीसाठी वेगळी कशाला करून घेऊ?" त्यांनी तो तांब्या उचलला, उलटा करून बोटाच्या पेराने टिचकी मारली आणि आवाज ऐकत राहिल्या. "हे पाहा. भांडं नुसतं पाहून कोणी घेत नाही. वाजवून घेतात. तुमचं भांडं चकचकीत आहे खरं. पण बद्द वाजतं."

एवढ्यात आतल्या दारातून मंदाकिनी चहा घेऊन आली. उंच, सावळी मुलगी. तिने कप डाव्या हाताने पुढे केला, मग काहीतरी आठवून तो उजव्या हातात घेतला आणि पुन्हा पुढे केला. तिने बाहेरचे सगळे ऐकले होते हे उघड होते, कारण तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि गाल फुगले होते.

"आई," ती त्या बसक्या आवाजात म्हणाली, "नाकाबद्दल काही लिहू नका म्हणावं."

"का? नाकाला काय झालंय?"

"काही नाही, म्हणूनच," असे म्हणून ती आत पळाली. आतून भांडे पडल्यासारखे हसू ऐकू आले.

मी कागदाची घडी घातली. उठता उठता काकूंना विचारले की त्यांना नेमके काय हवे आहे. त्या म्हणाल्या, "मला ती दिसली पाहिजे."

"पण काकू, मंडपात ती सर्वांसमोरच उभी असणार. दिसेलच की."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "सर्वांना दिसेल," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या तांब्याकडे वळल्या.

*

गुरुजींचे घर गोदावरीपलीकडे, पंचवटीत. दामोदरशास्त्री हे माझे गुरुजी. त्यांच्या चरणांपाशी बसून मी जे काही शिकलो त्याचे ऋण शब्दांत मावणारे नाही. पाठशाळेत ते आम्हाला रोज संध्याकाळी समस्यापूर्तीला बसवत : श्लोकाचा एक चरण ते देत, उरलेले तीन आम्ही तेथल्या तेथे वृत्तात बसवायचे. चुकले तर ते रागावत नसत. फक्त तपकीर ओढत आणि "पुढचा" म्हणत. ते रागावण्याहून कठीण असे.

माझी अष्टके त्यांनी आधीच वाचली होती आणि 'निर्दोष' असा शेराही दिला होता. त्यामुळे मी मोठ्या तक्रारीच्या सुरात सारा वृत्तांत सांगितला. भांडी विकणाऱ्या बाईला कलकंठिनी शब्द खटकतो, तिला पद्माक्षी नको, तिला ती 'दिसायला' हवी. आता यावर पंडिताने काय करावे?

गुरुजींनी तपकिरीची डबी बंद केली. "रचना निर्दोष आहे, यात शंका नाही," ते म्हणाले. "त्र्यंबका, मंगलाष्टके चालू असताना ती बाई कोठे उभी असणार?"

"मंडपात," मी म्हणालो. "कोठे म्हणजे?"

गुरुजींनी पुन्हा डबी उघडली, चिमूटभर तपकीर घेतली आणि म्हणाले, "पुढचा."

मी नमस्कार करून उठलो. त्यांचे मन आज दुसरीकडे आहे, असे मला वाटले.

*

दुसऱ्या दिवसापासून मी दुकानात जाऊन बसू लागलो. काकूंनी बसू दिले. गिऱ्हाईक नसले की त्या मुलीविषयी बोलत. बोलताना त्यांचा हात थांबत नसे. चिंच आणि राखेने समया घासणे चालूच असे. त्यांच्या बोलण्यात उपमा नव्हती, स्तुतीही बेताचीच होती. मंदा तान्ही असताना दुकानातल्या घंगाळात झोपायची आणि एकदा ते घंगाळ एका गिऱ्हाइकाने पसंत केले तेव्हा नानाशेठना ती आत आहे हे सांगावे लागले होते. ती डावरी. शाळेतल्या बाईंनी हातावर छड्या मारून उजव्या हाताने लिहायला लावले. पण घाबरली किंवा आनंदली की डावाच हात पुढे येतो. आजोबांच्या वर्षश्राद्धाला गंभीर होऊन बसली असताना तिला हसू आले. का आले, कोणालाच कळले नाही. तिने ओठ दाबून ते इतके आवरले की शेवटी भटजींनाच हसू फुटले. बाजारातून जाताना कोणत्याही दुकानातले भांडे ती टिचकी मारून पाहते. आईने कितीदा दटावले, तरी ते सुटले नाही.

"हे सगळं लिहू नका," काकू मधेच म्हणत. "सासरी जायचंय तिला."

"मग सांगता कशासाठी?"

"तुम्ही ऐकता म्हणून."

मी लिहीत गेलो, खोडत गेलो. शार्दूलविक्रीडित हे वृत्त मोठे राजस आहे. त्याला भरजरी शब्दांची सवय. साधा मराठी शब्द त्यात घालू जावे तर दरबारात अनवाणी आल्यासारखा तो संकोचून उभा राहतो. पण हळूहळू काही शब्द बसू लागले. एका दुपारी, समई घासण्याच्या आवाजात, एक चरण आपोआप आला :

ओठांशी हसु दाबुनी हळु उभी मंदाकिनी आमुची

मी तो स्वतःशीच पुन्हा पुन्हा म्हटला. त्याला टिचकी मारून पाहिली म्हणा ना. त्यापुढचा चरण मात्र काही केल्या येईना, म्हणून जुन्या सवयीने मी 'लज्जेने नत पापणी, करतळी शोभे फुलांची लडी' असा एक सभ्य चरण जोडून दिला. विवाहसमयी वधूची पापणी नतच असते. त्यात कोणाला वावगे वाटण्याचे कारण नव्हते.

आठही अष्टके पूर्ण झाली तेव्हा मी ती घेऊन काकूंकडे गेलो. त्यांनी हात पुसले, कागद घेतला आणि न उघडताच माझ्या हाती परत दिला.

"आता मला वाचून दाखवू नका," त्या म्हणाल्या. "मंदाच्या आत्याला द्या. ती गाणार आहे. मी त्या वेळीच ऐकेन."

"पण पसंत नाही पडली तर?"

"तर मग बोलणार नाही. पसंत पडली तर बोलेन."

मामांचे दुसरे पत्र त्याच आठवड्यात आले. येवल्याचे मुख्याध्यापक उत्तराची वाट पाहत होते. मी मामांना लिहिले की वडनेऱ्यांकडचे लग्न झाले की कळवतो.

*

लग्न गंगेकाठच्या एका मंगल कार्यालयात होते. नाशिकात गोदावरीला गंगाच म्हणतात. मुहूर्त दुपारचा होता. दारात सनई-चौघडा, मंडपात ध्वनिक्षेपक. कार्यालयाच्या मालकाने एक भोंगा मंडपात आणि एक मागच्या अंगणाकडे तोंड करून लावलेला होता. अंगणातला भोंगा कशासाठी, असे त्याला कोणी विचारल्याचे मी ऐकले. तो म्हणाला की वडनेऱ्यांच्या बाईंनी मुद्दाम सांगून लावून घेतला आहे.

मी पुढच्या रांगेत जागा धरली होती. गोदूकाकूंचा चेहरा दिसेल अशी. वर समोर, वधू इकडे, मध्ये केशरी स्वस्तिकाचा अंतरपाट. मंदाकिनीच्या मागे तिचे मामा उभे राहिले. नानाशेठ नव्या पगडीत अवघडून उभे होते. आत्याबाईंनी घसा साफ केला, ध्वनिक्षेपकाची नळी तोंडाजवळ ओढली आणि पहिले अष्टक सुरू झाले.

स्वतः रचलेले शब्द दुसऱ्याच्या गळ्यातून ऐकण्याचा तो माझा पहिला प्रसंग. आनंद झाला हे खरे. पण मी शब्द ऐकण्याऐवजी काकूंना शोधत होतो. वधूच्या मागे त्या नव्हत्या. स्त्रियांच्या बाजूला नव्हत्या. पहिले अष्टक संपले, अक्षता पडल्या. दुसरे संपले. सगळा मंडप मी डोळ्यांनी दोनदा चाळला. काकू नव्हत्याच.

मला वाटले, पहिलेच कडवे ऐकून त्या उठून गेल्या. येवल्याची शाळा, तिचे लांब ओसरीचे वर्ग, कधी न पाहिलेले, मला स्पष्ट दिसू लागले.

तिसऱ्या अष्टकाच्या आरंभी वीज गेली. पंखे मंदावत थांबले, भोंगे मुके झाले. आत्याबाईंनी गाणे सोडले नाही, पण त्यांचा कोवळा आवाज पहिल्या दोन रांगांपलीकडे पोचेना. मागच्या लोकांना बोलायला मोकळीक मिळाली आणि मंडपात कुजबुजीचा गलका उठला. त्या गलक्यातून, मागच्या अंगणाच्या बाजूने, एक ओळखीचा स्वर आला. मोठा नव्हता, पण त्यात मी पूर्वी कधी न ऐकलेली व्याकुळता होती.

"अगं, आवाज का गेला? कोणी बघा ना."

मी उठलो. पायांनी उठवले, असे म्हणतो. बुद्धी मागून आली. मागच्या दारात पोचलो आणि उंबऱ्यावरच थांबलो.

अंगणात तुळशीवृंदावन होते. गोदूकाकू मंडपाकडे पाठ करून त्याच्यासमोर उभ्या होत्या. अंगावर जांभळा शालू, हातात तांब्याचा कलश. त्याच्या धारेने त्या तुळशीला पाणी घालत होत्या. शेजारी त्यांची जाऊ भरलेली घागर घेऊन उभी होती.

आमच्याकडे वधूची आई मुलीचे लग्न लागताना पाहत नाही. मंगलाष्टके चालतात तोवर ती तुळशीला पाणी घालते आणि ती धार मुहूर्तापर्यंत तुटू द्यायची नसते. हा रिवाज मला पाळण्यापासून ठाऊक होता. उभ्या आयुष्यात मी त्याकडे पाहिले मात्र नव्हते. लग्न जिथे लागते तिकडेच सर्वांची तोंडे असतात.

जिच्या पोटची मुलगी, तिला तेवढे पाहायचे नसते. तिला केवळ ऐकायचे असते.

"काकू," मी म्हणालो, "वीज गेली आहे. मी म्हणतो."

त्यांनी वळून पाहिले नाही. पण खांदे थोडे सैल झाले. "म्हणा," त्या म्हणाल्या.

त्या उंबऱ्यावरून मला दोन्ही दिसत होते : उजवीकडे अंतरपाटाआड उभी मुलगी, डावीकडे तुळशीपाशी पाठमोरी आई. आत्याबाई आत गात होत्या, त्यांच्या मागोमाग मी प्रत्येक चरण खड्या आवाजात अंगणाकडे तोंड करून म्हणू लागलो. तिसरे अष्टक झाले, चौथे झाले. काकूंची धार एकसारखी पडत होती. पाचव्यात तो चरण आला.

"ओठांशी हसु दाबुनी हळु उभी मंदाकिनी आमुची."

धार क्षणभर थरथरली. तुटली नाही.

पुढचा चरण माझ्या ओठांवर आला होता. तो म्हणण्याआधी मी सहज मंडपात पाहिले. मंदाकिनीची पापणी नत वगैरे काही नव्हती. दारात माझा आवाज ऐकून ती मान वळवून थेट इकडेच पाहत होती, माझ्यापलीकडे अंगणात काही दिसते का ते शोधत. तिला तिकडून तुळस दिसणे शक्य नव्हते. आणि माळ तिने डाव्या हातात धरली होती.

आत्याबाई कागदावरचा चरण गात होत्या. मी तो सोडून दिला. पाठशाळेतल्या संध्याकाळी उपयोगी पडल्या म्हणायच्या, कारण शब्द शोधावे लागले नाहीत, समोर जे होते तेच वृत्तात चालत आले :

"डाव्या हाति धरून माळ वळुनी पाहे कुठे माउली."

काकूंची जाऊ घागर खाली ठेवून पदराने डोळे पुसू लागली. काकू मात्र ताठ उभ्या होत्या. कलश रिकामा होत आला, तेव्हा त्यांनी नुसता डावा हात बाजूला केला. जावेने घाईने घागर उचलून त्यात पाणी ओतले. धार चालूच राहिली.

उरलेली अष्टके मी म्हणून पूर्ण केली. शेवटचे 'कुर्यात् सदा मंगलम्' म्हणून मी थांबलो. तोवर आत "सावधान, सावधान" सुरू झाले होते. अंतरपाट दूर झाला, अक्षतांचा वर्षाव झाला आणि सनई-चौघडा वाजू लागला. त्याला विजेची गरज नव्हती.

गोदूकाकूंनी कलश वृंदावनावर ठेवला. तुळशीला हात जोडले. मग वळल्या. चेहरा कोरडा होता, डोळे तेवढे लाल.

"दिसली," त्या म्हणाल्या.

आणि माझ्या बाजूने उंबरा ओलांडून लगबगीने आत गेल्या.

*

पंगतीत मी एका कोपऱ्यात बसलो होतो. जिलेबी वाढत काकू माझ्यापर्यंत आल्या. माझ्या शेजारी भांडी बाजारातलेच एक वयस्क व्यापारी, मुरलीधरशेठ, जेवत होते. त्यांनी विचारले की आज दारात उभे राहून म्हणणारे हे भटजी कोणाकडचे.

"भटजी नव्हेत," काकू म्हणाल्या. "हे त्र्यंबकराव. लिहितात."

"लिहितात ते कळलं. पण करतात काय?"

"तुम्ही भांडी विकता, मुरलीधरशेठ. ते लिहितात." त्यांनी माझ्या पानात आणखी एक जिलेबी घातली. "तुमच्या नातीचं वैशाखात आहे ना? आतापासून सांगून ठेवा. ते आधी दुकानात येऊन बसतात, त्यांना वेळ लागतो."

मुरलीधरशेठनी माझ्याकडे नीट पाहिले. पसंतीसाठी भांडे हातात घ्यावे, तसे. मग म्हणाले, "या सोमवारी."

संध्याकाळी मी पूल ओलांडून पंचवटीत गेलो. गुरुजी ओसरीवर बसले होते. मी त्यांना साष्टांग नमस्कार घातला आणि घडले ते सारे सांगितले. वीज गेल्याचे ऐकून ते म्हणाले, "म्हणजे तुझी सौदामिनी ऐन वेळी निघून गेली. बरे झाले." मग त्यांनी तो नवा चरण पुन्हा म्हणायला सांगितला. मी म्हटला. त्यांनी डोळे मिटले, ओठांनी गण मोजल्यासारखे काही पुटपुटले. तपकिरीची डबी त्यांच्या हातातच राहिली, उघडली नाही. ते "पुढचा" म्हणतील म्हणून मी वाट पाहत होतो. ते म्हणाले नाहीत.

डबी खाली ठेवून त्यांनी विचारले, "तुझ्या मामांना येवल्याचे कळवायचे राहिले आहे ना? तुला संकोच वाटत असेल तर नकाराचे पत्र मी लिहितो."

"नको, गुरुजी," मी म्हणालो. "मी लिहितो."